तुपाला आडवा हात

सुरतेतल्या लिंबायतच्या नाक्यावरून शेअर रिक्षा निघाली तेव्हा वृषालीच्या मांडीवर स्टीलची भलीमोठी परात होती. परातीत तवा, तव्यावर वाट्यांची चळत आणि त्या चळतीवर तिचे दोन्ही हात. आज तिच्या नोकरीचा पहिला दिवस होता. नोकरी कसली म्हणाल, तर मेडिकल कॉलेजात होऊ घातलेल्या डॉक्टरांना जेवण शिकवायची. स्वयंपाक नाही हं, जेवण. माणसाने आज काय खाल्लं म्हणजे वीस वर्षांनी तो शुगर नि बीपी घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभा राहणार नाही, ते. आता डॉक्टरांना जेवायला शिकवावं लागतं हे गल्लीतल्या बायकांना काही केल्या पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वृषालीच्या मायलाही अजून नीटसं पटलेलं नव्हतं.

सहारा दरवाजाच्या अलीकडे रिक्षा थांबली आणि एक उंच, विस्कटलेल्या केसांचा तरुण आत घुसला. त्याच्या हातात कागदी द्रोण, द्रोणात वाफाळता लोचो, लोच्यावर वितळणारं लोणी आणि वर शेवेचा डोंगर. वृषालीने एकदा द्रोणाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. तेवढ्यात रिक्षा बंपवरून उडाली आणि तो सगळा डोंगर सरळ तिच्या परातीत येऊन बसला.

"माफ करजो, बेन..." तो गुजरातीत पुटपुटला आणि घाईघाईने चमच्याने लोचो परत द्रोणात भरू लागला.

वृषाली तोंडातल्या तोंडात अहिराणीत म्हणाली, "येडा शे का हाऊ?"

तो थांबला. चमचा हवेतच. मग खाली मान घालून, अगदी शांतपणे म्हणाला, "थोडासा शे."

घ्या. सुरतेत बडबडताना एक गोष्ट कधी विसरू नये, की इथे दर तिसऱ्या रिक्षात खान्देश बसलेला असतो. वृषालीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. परात पुसत ती म्हणाली, लोचो हरभऱ्याच्या डाळीचा, पदार्थ चांगला, पण त्यावर एवढं लोणी असेल तर तो लोच्याचा नाश्ता नव्हे, लोण्याचा. त्याने विचारलं, तुम्ही डॉक्टर का? ती म्हणाली, नाही, डॉक्टरांची मास्तरीण. तो हसला, आणि हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. वृषालीला वाटलं, ही एक पंचाईतच झाली.

खरी पंचाईत पुढे होती. कॉलेजात तिच्या मदतीला कम्युनिटी मेडिसिनचा एक निवासी डॉक्टर नेमला होता. वर्गाचं दार उघडून तो आत आला, तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाहीवर अजून शेव चिकटलेली होती.

"डॉक्टर कुंदन," तो म्हणाला. "आणि... नाश्ता अर्धाच झालाय, मॅडम."

पहिल्या तासाला वृषालीने पुस्तक उघडलंच नाही. समोर बसलेल्या मुलांना जीवनसत्त्वांची रासायनिक नावं तोंडपाठ होती, पण त्यांतल्या एकानेही आजवर कुठल्या पेशंटला "काल काय जेवलात?" असं विचारलं नव्हतं. तिने त्यांना आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. सुकलाल, म्हणजे तिचे नाना, सगळं आयुष्य पॉवरलूमच्या खडखडाटात उभे राहिलेले. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, गोड बंद. नानांनी इमानेइतबारे जिलेबी सोडली, बर्फी सोडली, लेकीच्या वाढदिवसाचा केक सोडला. शुगर काही उतरेना. डॉक्टर गोळ्या वाढवत गेले. वृषाली आहारशास्त्र शिकायला लागली तेव्हा तिने एकदा सहज विचारलं, नाना, कारखान्यात चहा किती होतो? नाना म्हणाले, आता मोजतंय कोण, झोप उडवायला घ्यावाच लागतो. त्या चहात पाकासारखी साखर. ती कपाळावर हात मारून म्हणाली, अहो नाना, मग गोड कुठे बंद झालं? तर नाना भाबडेपणाने म्हणाले, चहा काय गोडात धरतात का, पोरी?

वर्ग हसला. मग प्रत्येकाला आपापल्या घरचा चहा आठवला असणार. वृषालीने तेव्हाच वर्गाचा एकमेव नियम सांगितला. पेशंटला जे पथ्य सांगाल, ते आधी स्वतः पाळायचं. अळणी सांगणार असाल तर आठवडाभर अळणी खा. मग कळेल सांगणं किती सोपं आणि गिळणं किती अवघड.

"मास्तरांनाही लागू?" मागच्या बाकावरून कुंदनने विचारलं.

"मास्तरांना आधी."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या लोच्यावरचं लोणी गेलं. शेव राहिली. ती म्हणाली, शेवेचं काय? तो म्हणाला, मॅडम, एकदम सगळं सुटलं तर माणूस संन्यास घेईल, आणि मला सध्या संन्यास घ्यायची अजिबात इच्छा नाही. हे म्हणताना त्याने तिच्याकडे जे पाहिलं, त्या पाहण्यात शेवेचा काहीएक संबंध नव्हता.

मग काय विचारता. दिवस कसे पळाले ते दोघांनाही कळलं नाही. आधी मुलं पथ्यं पाळताना रडकुंडीला आली. धर्मेंद्र नावाचा एक दणकट विद्यार्थी बिनमिठाच्या दुसऱ्याच संध्याकाळी खमणच्या गाडीवर पकडला गेला. पण हळूहळू त्यांच्या बोलण्यातलं "बंद करा" कमी झालं आणि "किती घेता, कोणाबरोबर घेता" वाढलं. कुंदन त्यांना घेऊन भेस्तान, नवागामच्या वस्त्यांत जायचा, कारण तो वाढलाच नवागामात. वडील चोपड्याकडचे, पॉवरलूमवर आलेले. आई लवकर गेली, पुढे सगळी वर्षं वसतिगृहात. त्यामुळे अहिराणी जिभेवर होती, पण घरचं ताट कसं असतं, त्याच्या रीतीभाती कशा असतात, यात गडी अगदी कोरा होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

थंडीत तापीकाठी पोंकचे तंबू लागले तेव्हा वृषालीने अख्खा वर्ग तिकडे नेला. आपण ज्याला हुरडा म्हणतो तो सुरतेचा पोंक, हिरवा, कोवळा, भट्टीतून काढून काठीने झोडलेला. ज्वारी म्हणजे गरिबाची भाकरी म्हणून नाक मुरडणारी शहरी मुलं इथे मात्र रांग लावून ज्वारीच खातात, हे तिला दाखवायचं होतं. मुलं पांगली. हे दोघे नदीकडे तोंड करून बसले. कुंदनने पोंकवरची शेव बोटाने बाजूला सारली आणि नुसते हिरवे दाणे तिच्या ओंजळीत ओतले. गरम होते. तिने ओंजळ हलवली, तर त्याने खालून आपली ओंजळ लावली.

"पडतील," तो म्हणाला.

"पडू दे की."

"नको... मिळालेलं सांडायची सवय नाही मला."

तिने दाणे खाल्ले नाहीत बराच वेळ. हात मात्र तसेच राहिले, वर तिचे, खाली त्याचे. नदीवरून गार वारा येत होता. तिला तो आवडत होता. नुसता आवडत नव्हता, हवा होता. धर्मेंद्र मध्येच येऊन म्हणाला, मॅडम, पोंकबरोबर साखरेचे साकरिया चालतील का, आणि हातांची ती उतरंड मोडली.

आता घरचं ऐका. शोभाबाई, म्हणजे वृषालीची माय, डोळ्यांनी बारीक. लेकीच्या तोंडी जेवताखाता "कुंदन असं म्हणाले, कुंदन तसं म्हणाले" चाललेलं तिने बरोबर टिपलं. चौकशी केली. आपल्यातलाच, चोपड्याकडचा, डॉक्टर. तिने कोणाला काही न बोलता ठरवलं, आणि लेकीला एवढंच म्हणाली की त्या डॉक्टरला रविवारी जेवायला बोलाव, वरण-बट्टी करते. बिचाऱ्याला कोण करून घालतं?

वृषालीला वाटलं, साधं जेवण. तिने तर कुंदनला वेगळंच काम सांगितलं. नानांचा साखरेचा चहा सुटला होता, पण ते तूप सोडत नव्हते. कणकेचा भाजका गोळा म्हणजे बट्टी, ती कुस्करायची, मध्ये आळं करायचं आणि त्यात तुपाची धार धरायची ती थांबवायचीच नाही, ही त्यांची पद्धत. रक्तातली चरबी वाढलेली, हृदयाच्या डॉक्टरांनी तंबी दिलेली. नाना म्हणायचे, ज्याने बट्टीवर तूप घेतलं नाही असा डॉक्टर मला दाखव, त्या दिवसापासून मी सोडतो. वृषाली कुंदनला म्हणाली, तुम्हीच आता तो डॉक्टर व्हा. नियम नियम असतो.

रविवारी कुंदन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेरूंची पिशवी. पंगत बसली. वांग्याचं भरीत, वरण, खरपूस बट्टी. शोभाबाई तुपाची वाटी घेऊन त्याच्यासमोर वाकल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "ले भाऊ, खाय."

कुंदनने ताटावर आडवा हात धरला. "नको मावशी. मला तूप नको."

त्यांनी पुन्हा आग्रह केला. त्याने पुन्हा हात धरला, हसून, आणि चोरून वृषालीकडे पाहिलं की, बघ, पाळला नियम. पण वृषालीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कारण तिला तेव्हा आठवलं. शोभाबाईंच्या माहेरी, त्यांच्या भावकीत, मुलगी पाहायला आलेले लोक तोंडाने नकार कधी देत नाहीत. मुलीच्या घरचं मन कसं मोडायचं? म्हणून बट्टी वाढतात. मुलाने आळ्यात तूप घेतलं की होकार. ताटावर हात आडवा केला की समजायचं, पोर पसंत नाही. पुढे कोणी एक शब्द विचारत नाही. शोभाबाईंनी वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि मग जेवण संपेपर्यंत त्या फक्त भरीत वाढत राहिल्या.

पाहुणा गेल्यावर माय म्हणाली, "त्याले पोर पसंत नही." वृषाली म्हणाली, अगं, मीच त्याला तूप घेऊ नको म्हणून सांगितलं होतं. माय म्हणाली, लेकी, तो काय कुक्कुलं बाळ आहे? खान्देशातला माणूस, त्याला वरण-बट्टीचं कळत नाही? मन असतं तर एक चमचा घेतला असता. तुझ्या मायचा मान म्हणून घेतला असता. आणि वाईट काय, तर रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या वृषालीलाही तेच वाटायला लागलं. खरंच, माहीत असेल का त्याला? माहीत असूनच...? विचारायची सोय नव्हती. विचारायचं म्हणजे काय विचारायचं, मी तुम्हाला हवी आहे का? मान खाली घालून असं विचारणाऱ्यातली ती नव्हती, आणि "नाही" ऐकायची तयारी तर अजिबातच नव्हती.

शोभाबाईंनी वेळ दवडला नाही. शिरपूरचं एक स्थळ कधीपासून निरोप पाठवत होतं. येत्या रविवारी या, असं कळवून टाकलं. वृषालीने त्यांना अडवलं नाही. कॉलेजात ती कुंदनशी "हो", "नाही", "ठेवा तिकडे" एवढ्यावर आली. तो गोंधळला. दोनदा विचारलं, माझं काही चुकलं का? ती म्हणाली, नाही, तुम्ही नियमच पाळला. आणि तवा इतक्या जोरात आपटला की मुलं दचकली.

शेवटचा तास शनिवारी होता. त्या तासाला लेखी परीक्षा नव्हती, पंगत होती. हे तिनेच सुरुवातीला ठरवलेलं. प्रत्येक विद्यार्थ्याने एका पेशंटला त्याच्या घरच्यांसह बोलवायचं, त्याच्या आवडीचंच जेवण त्याला मानवेल असं रांधायचं आणि शेजारी बसून जेवायचं. पेशंट आनंदाने जेवला तर पास. धर्मेंद्रच्या वाट्याला सुकलाल आले होते. नानांनी येण्याचा शब्द दिला होता, त्यामुळे शोभाबाईंनाही यावं लागलं. कॉलेजच्या तुपाचा काय भरवसा, म्हणून त्या घरचं तूप डबीत घेऊन आल्या.

धर्मेंद्रने छान केलं होतं. एकच बट्टी, तीही छोटी, भरड गव्हाची. भरताचा मोठा ढीग, मेथीची भाजी, काकडी, घट्ट वरण. ताटातलं अर्धं हिरवंगार. शोभाबाईंना पाहुणी म्हणून बसवत नव्हतं. त्या उठल्या आणि डबी घेऊन पंगतीत तूप वाढू लागल्या. प्रत्येकाला एक चमचा. लेकीचं शिकवणं एवढं तरी मुरलं होतं. नानांना वाढलं, धर्मेंद्रला वाढलं, पुढच्या बाईला वाढलं. तेच बट्टीचं ताट घेऊन बसलेल्या कुंदनपाशी आल्या आणि न थांबता पुढे गेल्या.

"मावशी, सरांना राहिलं," धर्मेंद्र म्हणाला.

"त्यांना नको असतं," शोभाबाई म्हणाल्या. "विचारून झालंय आमचं."

वर्गाला वाटलं, गंमत. पण त्यांचा आवाज गमतीचा नव्हता. कुंदनने वर पाहिलं. शोभाबाईंकडे, मग वृषालीकडे. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. तो उठला. जवळ येऊन हळूच विचारलं, काय झालं ते मला कोणीतरी सांगेल का? वृषालीने सांगितलं. खालच्या आवाजात, तुटक तुटक... आळं, तूप, आडवा हात, शिरपूर, उद्या.

कुंदनला आता कुठे सगळं उमगलं. मग त्याने एक केलं. परत आपल्या जागी गेला, ताट उचललं, उभ्या उभ्याच बट्टी कुस्करली, बोटांनी मधोमध चांगलं खोल आळं केलं आणि दोन्ही हातांनी ताट धरून शोभाबाईंसमोर जाऊन उभा राहिला. सगळी पंगत जेवायची थांबली.

"मावशी, माझ्या घरी ही रीत सांगायला कोणी नव्हतं," तो म्हणाला. "त्या दिवशी मी तुपाला नाही म्हणालो. तेही तुमच्या मुलीने सांगितलं म्हणून. ती सांगेल ते मी ऐकतो, एवढाच माझा गुन्हा. वृषालीला नाही म्हणायची... माझी छाती नाही. पहिल्या दिवशी परातीत लोचो पडला तेव्हापासून नाही. आता वाढा."

कोणीतरी मागे शिट्टी वाजवली. शोभाबाई जागच्या हलल्या नाहीत. डबी हातात, चमचा डबीत. नानाच शेवटी म्हणाले, "वाढ ना, पोऱ्या ताट धरीसन उभा शे."

"तिला विचारते आधी," माय म्हणाली. लेकीकडे वळून म्हणाली, "बोल."

वृषालीचं काळीज असं धडधडत होतं की तिला वाटलं, इतके डॉक्टर बसलेत, एखाद्याला ऐकूही जाईल. पंगतीचा नियम तिचाच होता. माणशी एक चमचा, त्यावर थेंब नाही. तिने डोळे पुसले.

"वाढ, माय," ती म्हणाली. "आणि माझ्या वाटचा चमचाही त्यालाच वाढ."

शोभाबाईंनी तूप वाढलं. एक चमचा, मग दुसरा. आळं काठोकाठ भरलं. कुंदनने तिथेच उभ्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि त्याच्या गालाला ती खळी पडली.

"कसं आहे?" वृषालीने विचारलं.

"मला वाटतं, मी परीक्षेत पास झालोय," तो म्हणाला. "पण निकाल तू सांग."

तू म्हणाला तो. तिने ते ऐकलं, मनाशी ठेवून दिलं, आणि म्हणाली की निकाल रोज लागेल, रोजच्या ताटावर, आयुष्यभर. चालेल का? तो म्हणाला, शेव मिळणार असेल तर चालेल.

मुलांनी टाळ्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. त्या गलक्यात शोभाबाई पुन्हा डबी घेऊन नवऱ्याकडे वळल्या. आनंदाच्या भरात त्यांचा हात सैल झाला होता, आज एक चमचा जास्त वाढायला काय हरकत आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सुकलालांनी एकदा तुपाकडे पाहिलं. एकदा लेकीकडे पाहिलं. आणि ताटावर हात आडवा धरला.

"नको," ते म्हणाले. "मना पोट भरनं आज."

वृषाली बघतच राहिली. जे तिच्या इतक्या वर्षांच्या सांगण्याने, आणि कुंदनने नानांची पैज जिंकूनही, झालं नव्हतं, ते असं, बसल्या जागी झालं. शोभाबाईंनी नवऱ्याच्या त्या आडव्या हाताकडे पाहिलं आणि त्यांना पहिल्यांदाच त्यात नकार दिसला नाही. त्यांनी डबीचं झाकण लावलं, पदरात डोळे टिपले आणि खाली बसल्या.

"शिरपूरवाल्यांना काय सांगायचं?" नानांनी विचारलं.

"सांगते," शोभाबाई बट्टी कुस्करत म्हणाल्या, "तूप संपलं म्हणून."

मग वृषालीने भिंतीला लावलेली ती स्टीलची परात पुढे ओढून पालथी घातली, कुंदनचं ताट तिच्यावर ठेवलं, शेजारी आपलं ठेवलं, आणि दोघं जेवायला बसली.